एफ्टेलिंग ग्रँड हॉटेल: सहा महिन्यांतील तीन मुक्कामांनंतरचा अनुभव

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहतो आणि एफ्टेलिंग हे थीम पार्क आमच्या घरापासून गाडीने जेमतेम पाऊण तासावर आहे. घर इतके जवळ असताना तिथे पैसे मोजून रात्र काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी पहिल्या मुक्कामाच्या आधीच विचारला होता, आणि त्या वेळी माझ्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. १ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या या हॉटेलात आम्ही ऑगस्टच्या अखेरीस, डिसेंबरच्या मध्यात आणि फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सुट्टीत असे तीन वेळा राहिलो. प्रत्येक वेळी मुक्काम एकाच रात्रीचा होता. आम्ही चौघे: मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी आणि पहिल्या दोन खेपांना साडेतीन वर्षांच्या आसपास असलेला, पण तिसऱ्या खेपेपूर्वी चार पूर्ण झालेला मुलगा. त्याच्या वयाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पुढे पैशांचा सगळा हिशेब त्या चौथ्या वाढदिवसावर फिरतो.

ज्यांना हे ठिकाण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोर्ड-ब्राबांट प्रांतातील काट्सह्यूव्हेल या गावाजवळ १९५२ साली दहा परीकथांचे एक जंगल उभारण्यात आले आणि त्याभोवती आजचे उद्यान वाढत गेले. मुक्कामाची सोय मात्र बरीच उशिरा आली. १९९२ साली पहिले हॉटेल झाले, २००९ साली बोसरायक ही झाडीतील घरांची वसाहत झाली आणि २०१७ साली लोनसे लांड हे हॉटेल आणि घरांचे संकुल सुरू झाले. या तिन्ही ठिकाणांहून उद्यानात जायचे तर चालत किंवा वाहनाने प्रवेशद्वारापर्यंत यावे लागते. सुमारे १४० खोल्यांचे ग्रँड हॉटेल उद्यानाच्या आवारातच आहे आणि त्याला थेट आत उघडणारे स्वतःचे दार आहे. नव्या इमारतीचे खरे वैशिष्ट्य हेच, असे मला तीन मुक्कामांनंतर वाटते. पण पहिल्या दिवशी आमचे सगळे लक्ष सजावटीकडे होते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

थीम पार्कमधील हॉटेल म्हटले की भिंतीवर, पलंगावर, पडद्यावर आणि साबणाच्या वेष्टनावरही पात्रांची चित्रे असणार, अशी मुलांची आणि खरे तर आपलीही अपेक्षा झालेली असते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशातील अशाच हॉटेलात आम्ही उतरलो होतो, त्याचे नाव घेत नाही. तिथे खोलीची थीम म्हणजे भिंतीवर डकवलेले मोठे चित्र होते. त्याच्या कडा सुटलेल्या होत्या, आणि पलंगामागे पाहिले तर कोणत्याही महामार्गावरच्या हॉटेलात असते तीच खोली. मुलगी पाच मिनिटे खूश होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्या चित्राची आठवणही नव्हती. पात्रांची चित्रे दिसली की थीम झाली, असा समज असेल तर ग्रँड हॉटेल पहिल्या भेटीत जरा गप्प वाटेल. जुन्या युरोपीय ग्रँड हॉटेलांची ऐट हीच त्याची कल्पना आहे. इमारत परीकथा ओरडून सांगत नाही. परीकथेच्या शेजारी कोणी श्रीमंत आत्या राहत असावी आणि आपण तिच्याकडे सुट्टीला आलो असावे, असा काहीसा भाव तिथे आहे.

हा संयम मला का पटला, ते या उद्यानाच्या स्वभावाशी जोडलेले आहे. परीकथांच्या जंगलाचा आराखडा काढणारे चित्रकार आंटोन पीक यांनी काम स्वीकारताना घातलेली अट इथे नेहमी सांगितली जाते: घर दाखवायचे तर खऱ्या विटांचे, छप्पर घालायचे तर खऱ्या कौलांचे, पुठ्ठ्याचे आणि फळ्यांचे नाटकी काम चालणार नाही. त्यामुळे सत्तर वर्षांनीही त्या झोपड्या म्हाताऱ्या झालेल्या दिसतात, मोडकळीला आलेल्या दिसत नाहीत. पॅरिसजवळच्या डिस्नेलँडची गोष्ट वेगळी आहे. १९९२ साली तिथली हॉटेले मायकेल ग्रेव्ह्ज आणि रॉबर्ट स्टर्न यांच्यासारख्या नामांकित वास्तुरचनाकारांनी आखली, आणि त्यांपैकी ग्रेव्ह्ज यांचे न्यूयॉर्क हॉटेल २०२१ साली मार्व्हलच्या चित्रांनी सजवून पुन्हा उघडण्यात आले. डिस्नेच्या हाती चित्रपटांचा खजिना आहे, तो ते दाखवणारच. एफ्टेलिंगकडे सांगण्यासारखी आहेत ती स्वतःची पात्रे आणि लोककथा, आणि त्या जपून वापरण्याची सवय.

तरीही थीम पारखण्याची माझी एक कसोटी आहे, आणि ती मला या उद्यानातल्याच एका कचराकुंडीने शिकवली. होले बोले खाइस नावाचा खादाड माणूस जागोजागी तोंड वासून बसलेला असतो, ‘पापीर हीर’ म्हणजे ‘कागद इथे’ असे म्हणत राहतो, आणि कागद टाकला की आभार मानतो. आमची मुलगी, जी घरी स्वतःच्या पेन्सिलीची साले उचलत नाही, ती तिथे परक्यांचे कागद वेचत फिरते. चांगली थीम माणसाला नुसते पाहायला लावत नाही, काहीतरी करायला लावते. या कसोटीवर हॉटेलला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. खोलीत मुलांनी काही शोधावे, उघडावे, ऐकावे असे खेळ त्या इमारतीच्या स्वभावातच कमी आहेत. बोसरायकमध्ये क्लास फाक नावाचा झोपेची वाळू टाकणारा म्हातारा मुलांच्या गोष्टीत येतो आणि तीच त्या वसाहतीची कल्पना आहे. आमच्या धाकट्याला ती अधिक भावली. मात्र मोठ्या माणसाला, आणि आता नऊच्या घरात चाललेल्या मुलीला, ग्रँड हॉटेलची शांतता तिसऱ्या मुक्कामापर्यंत आवडू लागली, हेही नोंदवले पाहिजे. दिवसभर संगीत, गर्दी आणि रंग यांत वावरल्यावर रात्री डोळ्यांना विश्रांती देणारी खोली हासुद्धा सजावटीचाच विचार असतो, हे ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आले नव्हते.

आता त्या दाराविषयी. ऑगस्टच्या मुक्कामात त्याचे महत्त्व आम्हाला अर्धेच कळले, कारण तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, हवा मोकळी असते आणि कुठूनही चालत यायला कोणाची तक्रार नसते. डिसेंबरमध्ये मात्र चित्र पालटले. साडेचारला अंधार पडतो, त्यातून भुरभुर पाऊस, आणि उद्यान तर वर्षाचे ३६५ दिवस उघडे असल्यामुळे हिवाळ्यातही दिवस भरगच्च असतो. त्या दिवशी आम्ही सकाळी आत गेलो, एक वाजता मुलाच्या डोळ्यांवर झोप आली तसे खोलीत परतलो, त्याने दीड तास झोप काढली, मुलीने पोहण्याच्या तलावात एक फेरी मारली, ओले मोजे बदलून झाले, आणि दिवे लागायच्या वेळी आम्ही पुन्हा आत होतो. घरून आलो असतो तर दुपारी तीनला रडारड होऊन गाडी आइंडहोव्हनच्या रस्त्याला लागली असती. डिसेंबरमधली उद्यानाची सर्वांत सुंदर वेळ म्हणजे संध्याकाळ, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाला तीच हमखास मिळत नाही. हॉटेलचे पैसे आम्ही खरे तर त्या संध्याकाळसाठी भरले. फेब्रुवारीतही हेच घडले, फक्त पावसाऐवजी बोचरा वारा होता.

उद्यानाकडे तोंड असलेली खोली घ्यावी का, हा प्रश्न अनेक जण विचारतात. मुले पहाटे उठणारी असतील आणि पडदा सारून खिडकीशी उभी राहणारी असतील तर जरूर घ्यावी. नुसते झोपायलाच खोलीत येणार असाल तर ते पैसे जेवणावर खर्च करावेत.

किमतीकडे पाहताना बहुतेक जण एका रात्रीचा आकडा पाहून दचकतात आणि शेजारच्या गावातील साध्या हॉटेलशी त्याची तुलना करतात. ही तुलना चुकीची आहे, कारण येथील मुक्कामात येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही दिवसांचा उद्यानप्रवेश धरलेला असतो. प्रवेशाचा दर तारखेनुसार बदलतो. हिशेबासाठी माणशी ४५ युरो धरले, तर चार तिकिटांचे दोन दिवसांचे ३६० युरो होतात. एकूण रकमेतून आधी हे वजा करावे आणि उरेल ती खोलीची आणि त्या दाराची किंमत समजावी. मात्र चार वर्षांखालील मुलांना प्रवेश तसाही मोफत असल्यामुळे आमच्या पहिल्या दोन मुक्कामांत वजावट तीनच तिकिटांची, म्हणजे २७० युरोंची होती. चिरंजीव चार वर्षांचे झाले आणि कागदावर आमचा सौदा एकदम ९० युरोंनी सुधारला. उलट ज्यांच्याकडे वर्षाचा पास आहे त्यांनी ही वजावट धरूच नये, कारण त्यांनी प्रवेशाचे पैसे आधीच भरलेले असतात. त्यांच्यासाठी खोली खोलीच्याच भावाने महाग किंवा स्वस्त ठरते.

याच हिशेबात आणखी एक बदल झाला आहे, ज्याचा हॉटेलशी थेट संबंध नाही. १ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये मुक्कामावरील मूल्यवर्धित कर ९ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेला. करमणूक उद्यानांच्या तिकिटांवर तो ९ टक्केच राहिला. कर सोडून १०० युरोंची खोली पूर्वी १०९ युरोंना पडत होती, ती आता १२१ युरोंना पडते, म्हणजे वाढ सुमारे ११ टक्क्यांची आहे. त्यामुळे गेल्या वर्षीचे अनुभव वाचून कोणी अंदाज बांधत असेल तर जुना आकडा जसाच्या तसा धरू नये. आमच्या बाबतीत मुलाच्या तिकिटाने जे कमावले त्यातले बरेचसे या कराने परत घेतले.

एकत्र कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी मात्र माझे मत निराळे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सासू-सासरे साताऱ्याहून आले असताना आम्ही सहा जण बोसरायकमधील एका घरात दोन रात्री राहिलो होतो. तिथे स्वयंपाकघर होते, सासूबाईंनी आणलेली भाजणी होती, आणि सकाळी सहा वाजता चहा लागणाऱ्या सासऱ्यांना कोणाची वाट पाहावी लागली नाही. हॉटेलात सहा जणांसाठी दोन खोल्या घेतल्या की मुले एकीकडे आणि आजी-आजोबा दुसरीकडे होतात, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र पाय पसरून बसण्याची जागा उरते ती सार्वजनिक दालनात. शाकाहारी माणसाची दोन दिवस आबाळ होत नाही, हे खरे. पण तिसऱ्या जेवणाला चीज आणि पाव समोर आले की सासूबाईंचा चेहरा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. शिवाय ज्याच्या गुडघ्यांना चालणे झेपत नाही त्याला हॉटेलचे दार हवे, आणि ज्याला स्वतःच्या हातचा चहा हवा त्याला बोसरायक हवे. सासऱ्यांना दोन्ही हवे असते.

त्यामुळे आता आमची वाटणी ठरून गेली आहे. लांब दिवसांच्या उन्हाळ्यात आणि पाहुणे असताना बोसरायकचे घर. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, आम्ही चौघेच असताना, शाळेला सुट्टी असेल त्यातल्या त्यात आठवड्याच्या मधल्या वारी, हॉटेलची एक रात्र. दोन रात्रींचा विचार आम्ही एकदा केला होता, परंतु तीन सलग दिवस उद्यान पाहण्याइतका उत्साह मुलांमध्ये असला तरी आमच्यात नाही, आणि घर पाऊण तासावर असताना दुसऱ्या रात्रीचे समर्थन मला करता आले नाही. लांबून, म्हणजे जर्मनीतून किंवा इंग्लंडमधून येणाऱ्यांना ते सहज करता येईल.

सासू-सासरे यंदा पुन्हा मे महिन्यात येत आहेत. मी सासऱ्यांना फोनवर सगळा हिशेब वजावटीसकट वाचून दाखवला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि दाराची गोष्ट त्यांना पटलीही. मग सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि एवढेच विचारले, “ते ठीक आहे, पण या खेपेला स्वयंपाकघर असलेलेच घेतले आहेस ना?” घेतले आहे.