ठरलेला आठवडा की पॉइंट्स?
टाइमशेअर म्हणजे आधी पैसे भरून रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क घेणं. अशा दोन रिसॉर्टांपैकी कुठला घ्यावा, यात बहीण अडकली आहे. एकात दरवर्षी तोच आठवडा, दुसऱ्यात पॉइंट्स, म्हणजे दरवर्षी मिळणारे गुण खर्चून हव्या त्या तारखा घ्यायच्या. माहितीपत्रकातला स्विमिंग पूल राहू दे, आधी देखभाल शुल्क बघ म्हटलं. गेलात-न गेलात, दोन्हीकडे ते दरवर्षी भरायचंच, आणि सहसा वाढत जातं.

तारखांचं म्हणाल तर आठवडा हक्काचा, पण मुलांची परीक्षा त्यातच आली की बोंबला! पॉइंट्समध्ये तारीख आपली. मात्र सुट्टीच्या हंगामात त्याच खोलीला जास्त पॉइंट्स जातात, बुकिंगही कित्येक महिने आधी.

खोलीतल्या ‘किचनेट’मध्ये, म्हणजे छोट्या स्वयंपाकघरात, बऱ्याचदा नुसता मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो. तान्हं बाळ असेल तर शेगडीचं विचारूनच घ्या.

सुट्ट्या दरवर्षी ठरलेल्या असतील तर आठवडा बरा. तारखा बदलत्या, पण आधी कळत असतील तर पॉइंट्स. रजा ऐनवेळी मिळणाऱ्यांनी दोन्ही सोडून सरळ हॉटेल घ्यावं.