गावरान टोमॅटो घेऊ का हायब्रीड? आमच्याकडं साराच्या वाटीनं ठरवलं

साताऱ्यात राजवाड्याजवळ मंडईत गेलं की दोन्ही समोरासमोरच दिसतात, इकडं क्रेटमधले कडक, एका मापाचे हायब्रीड आणि तिकडं मावशींच्या पाटीत वेडेवाकडे, देठाशी हिरवट गावरान. भाच्यानं नुकताच संसार थाटलाय, "मामा, नेमका कुठला घेऊ?" म्हणून फोन केला, त्याला सांगितलं तेच इथं टाईप करतोय.

आता गावरान म्हणजे फार आपल्या मातीतला वगैरे नाही हां. मूळ पेरू-इक्वेडोरकडचा, मेक्सिकोत लोकांनी शेतात लावला आणि १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडं आला. वांग्याच्याच भावकीतला, आजी तर बेलवांगीच म्हणायची.

टिकायला हायब्रीडला तोड नाही, आठवडाभर टोपलीत पडून राहतो, कोशिंबिरीला फोडी छान पडतात, लगेच पाणी सुटत नाही. गावरान मात्र लई नाजूक. स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून घरी येईस्तोवर दोन फुटलेलेच, एकदा तर ऑफिसची पँट गेली. फ्रीजमध्ये कोंबावा तर वास मरतो.

पण सार! हायब्रीडची साल काही केल्या शिजत नाही, सुरळ्या होऊन वाटीत तरंगते. आमच्या अण्णांना कवळी, ती साल बरोबर तिच्यात जाऊन बसायची. बोलायचे काही नाहीत, एकेक सुरळी काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावत बसायचे, आणि ते बघून आमचा घास अडायचा. मग सार गाळायला लागलो. पण टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन सालीतच जास्त असतं म्हणे, आणि शिजवून वर तेलातुपाची फोडणी पडली की ते अंगी जास्त लागतं, म्हणजे एवढा खटाटोप करून नेमकं तेच गाळणीत ठेवायचं? गावरानची साल पातळ, रवी फिरवली की सारातच जिरते, वर आंबटपणा असा की चिंच घालावी लागत नाही. निदान आम्हाला तरी नाही लागत.

तुमच्याकडं कोशिंबीर-सँडविचच जास्त होत असेल तर खुशाल हायब्रीड घ्या, माझं काही म्हणणं नाही. मी गावरानच आणतो, फक्त आता पिशवी नाही, मंडईत स्टीलचा डबा घेऊन जातो, मावशी हसतात.