ब्रिटनमधून युरोपात माल: कराराचा फायदा घ्यायचा की डब्ल्यूटीओचा दर भरायचा?

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात माल पाठवायचे दोन रस्ते आहेत. पहिला ब्रिटन-युरोप व्यापार कराराचा. त्यात शुल्क शून्य, पण माल कराराच्या व्याख्येनुसार ब्रिटिश आहे हे दाखवावं लागतं. दुसरा जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) नियमांचा. तिथे उगम, म्हणजे माल मुळात कुठला हे, सिद्ध करायची कटकट नाही. ज्यांच्याशी करार नाही अशा देशांना युरोप जो दर लावतो, तो मुकाट्याने भरायचा. करार झाला म्हणजे दुसरा रस्ता इतिहासजमा झाला, असं ब्रिटनमधल्या आपल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना वाटतं. तसं अजिबात नाही. उगमाचा पुरावा नसलेला प्रत्येक खोका आपोआप त्याच रस्त्याला लागतो.

म्हणून आधी तुमच्या मालाचा दर बघा. पुस्तकं, लॅपटॉप, मोबाइल, बहुतेक औषधं यांवर युरोपचा सर्वसाधारण दरच शून्य आहे. तिथे उगमाच्या कागदांमागे धावणं म्हणजे फुकटची हमाली. मोटारींवर १० टक्के, कपड्यांवर बहुतेक १२ टक्के. खरी मेख खाण्याच्या पदार्थांत आहे. चेडर चीजवर १०० किलोंना १६७.१० युरो, कोकराच्या ताज्या मांसावर १२.८ टक्के आणि वर १०० किलोंना १७१.३० युरो. २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन, करार झाला नाही तर काय याचं उत्तर म्हणून, ‘ऑस्ट्रेलियासारख्या व्यवस्थे’बद्दल बोलत होते, तेव्हा वेल्समधल्या मेंढपाळांच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते यामुळेच. ऑस्ट्रेलियाचा तेव्हा युरोपशी मुक्त व्यापार करार नव्हताच. नाव गोंडस, आत डब्ल्यूटीओचेच दर.

आता आपल्या लोकांच्या धंद्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. समजा, ब्रिटनमधल्या लेस्टरमधून तुम्ही युरोपीय संघातल्या आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या गिऱ्हाइकाला ३०० युरोंची शेरवानी पाठवली. शिवून भारतातून आली असेल तर ती ब्रिटिश नाही, हे उघड आहे. पण भारतातून तागा आणून लेस्टरमध्येच शिवली तरी ती सहसा ब्रिटिश ठरत नाही, कारण करारात नुसती शिलाई पुरत नाही, कापडही ब्रिटनमध्ये किंवा युरोपात विणलेलं लागतं. म्हणजे साधारण ३६ युरो शुल्क. व्हॅट वेगळा, तो दोन्ही रस्त्यांवर लागतोच. हे पैसे कोण भरणार ते आधी ठरलं नसेल, तर कुरियरवाला ते गिऱ्हाइकाकडे मागतो आणि पार्सल परत येतं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन कराराचाही इथे उपयोग नाही. त्यातली सवलत माल ब्रिटनमध्ये येईपर्यंतची. डब्लिनच्या दारात तो भारतीयच. यातून मोठे दुकानदारही सुटले नाहीत. मार्क्स अँड स्पेन्सरच्या ‘पर्सी पिग’ नावाच्या खाऊच्या गोळ्या जर्मनीत बनून ब्रिटनमध्ये यायच्या आणि तिथून आयर्लंडला जाताना त्यांच्यावर शुल्काचं संकट आलं. युरोपातच बनलेल्या गोळ्या युरोपात परत जाताना!

माल खरोखर ब्रिटिश असेल तर कागद फार अवघड नाहीत. इनव्हॉइसवर ठरावीक मजकूर आणि तुमचा ईओआरआय नंबर (कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक), बस्स. पण त्या चार ओळींमागचे पुरावे चार वर्षं जपून ठेवावे लागतात. तपासणीत उगम टिकला नाही तर शुल्काची वसुली युरोपातल्या आयातदाराकडून, म्हणजे तुमच्याच गिऱ्हाइकाकडून होते. पुरवठादाराने लेखी काही दिलं नसेल, तर १२ टक्के भरलेले परवडले.

काही डोकेदुखी मात्र करारानेही गेली नाही. कस्टम्सचं डिक्लरेशन दोन्हीकडे आहेच. मांस-दूध-मासे असतील तर आरोग्य प्रमाणपत्र हवंच, तेही दर खेपेला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘ब’ वर्गाच्या पाण्यातल्या जिवंत शिंपल्यांना, शुद्धीकरण केल्याशिवाय, युरोपने दार बंद केलं, तेव्हा शून्य शुल्क कुणाच्याही कामी आलं नाही. सेवा विकणाऱ्यांना तर करारातून फारसं काही मिळालेलंच नाही.

माझं मत विचाराल तर, चीज, मांस किंवा मोटारीचे भाग विकत असाल आणि उगम पक्का असेल, तर करारच. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दर दोन-तीन टक्के आणि खेप लहान असेल, तर शुल्क भरा आणि मोकळे व्हा. भारतीय माल युरोपात विकणाऱ्यांनी मात्र ब्रिटनचा वळसाच सोडावा आणि न्हावाशेवाहून कंटेनर थेट रॉटरडॅमला पाठवावा. लंडनमध्ये उतरवणं भागच असेल, तर क्लिअरिंग एजंटला सांगून माल कस्टम्सच्या बाँडेड गोदामातच, म्हणजे ब्रिटनचं शुल्क न भरता माल ठेवता येतो तिथेच, ठेवा आणि तिथूनच पुढे काढा. नाहीतर ब्रिटनचं शुल्क भरून वर युरोपचंही भराल.