पॅरासिटामॉल की आयब्युप्रोफेन?
नुसता ताप किंवा डोकेदुखी असेल तर माझं मत सरळ पॅरासिटामॉलच्या बाजूने. पोटाला सोसतं, रिकाम्या पोटीही चालतं. पण मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली की यकृतावर बेततं. आणि सर्दीच्या गोळीतही बरेचदा तेच असतं, हे लक्षातच येत नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच.

घोटा मुरगळून टम्म सुजलाय, दाढ ठणकतेय, तिथे आयब्युप्रोफेन सरस, कारण ते सूजही उतरवतं. घ्यायचं मात्र जेवणानंतर. अल्सर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, त्यांचा परिणाम याने कमी होऊ शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि डेंग्यूची शंका असताना तर हे टाळायचंच. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.