जँगो रेस्ट फ्रेमवर्कचे मिक्सिन: आठ महिने वापरल्यावर

एका वाचनालयाच्या पुस्तक-देवघेवीचं एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामांशी वेबवरून माहितीची देवाणघेवाण करणारा भाग) आठ महिन्यांपूर्वी पायथनच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये हाती घेतलं. सुरुवातीला सगळं साध्या एपीआयव्ह्यूवर लिहिलं (व्ह्यू म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणारा क्लास): पुस्तकं, सभासद, देवघेव, दंड, प्रत्येकाचे गेट, पोस्ट, पुट, डिलीट (वाचणं, नवी नोंद, बदल, पुसणं) हाताने. नवव्या-दहाव्या व्ह्यूला आलो तेव्हा दिसलं की एका ठिकाणी नवीन नोंद झाल्यावर 201 (‘नवीन नोंद झाली’) ऐवजी 200 (नुसतं ‘ठीक’) परत जातंय. कॉपी-पेस्टचाच परिणाम. मग जेनेरिक व्ह्यूंकडे, म्हणजे ही नेहमीची कामं तयार देणाऱ्या क्लासांकडे वळलो. ते मिक्सिन, म्हणजे एकेक काम देणारे छोटे क्लास, जोडून बनलेले असतात.

पुस्तकांचा व्ह्यू तीन ओळींवर आला: लिस्टक्रिएटएपीआयव्ह्यूचा वारसा, क्वेरीसेट (डेटाबेसमधल्या कोणत्या नोंदी), सीरियलायझर क्लास (नोंदीचं जेसनमध्ये आणि उलट रूपांतर करणारा). एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. लिस्टमॉडेलमिक्सिन फक्त ‘लिस्ट’ ही मेथड देतो, ‘गेट’ देत नाही. नुसते मिक्सिन घेतले तर ती जोडणी आपणच करायची. मी केली नव्हती आणि 405 (‘ही मेथड इथे चालत नाही’) बघत तासभर बसलो होतो.

सर्वात आवडलेली सोय म्हणजे ‘परफॉर्म_क्रिएट’, नवी नोंद सेव्ह करताना बोलावली जाणारी मेथड. पुस्तक कोणी दिलं ती नोंद सेव्ह करतानाच घालायची. व्हॅलिडेशन आणि रिस्पॉन्सला हातही लावावा लागत नाही. नेटवरच्या जुन्या उत्तरांत याच कामासाठी ‘प्री_सेव्ह’ दिसेल. तो फ्रेमवर्कच्या 2014 मधल्या 3.0 आवृत्तीत गेला. आज लिहिलात तर एरर येणार नाही, तो नुसता चालणारच नाही.

आता माझी मोठी चूक. सभासद आयडीऐवजी कार्ड क्रमांकाने शोधायचा होता, म्हणून ‘गेट_ऑब्जेक्ट’ (एक नोंद शोधून देणारी मेथड) स्वतः लिहिली. परमिशन क्लास (कोणाला परवानगी आहे ते तपासणारा) जागेवर होता, लॉगिन नसलेल्याला अडवलं जात होतं, टेस्ट हिरव्या. तिसऱ्या आठवड्यात सहकाऱ्याने यूआरएलमधला कार्ड क्रमांक बदलला आणि दुसऱ्याच सभासदाचा पत्ता, फोन समोर आला! कारण ‘ही नोंद याचीच आहे का’ हा तपास मूळ ‘गेट_ऑब्जेक्ट’च्या पोटात होतो, आणि मी ‘चेक_ऑब्जेक्ट_परमिशन्स’ न बोलावताच ती झाकून टाकली होती. खरं तर नोंद कोणत्या फील्डने शोधायची हे सांगणारी ‘लुकअप_फील्ड’ची एक ओळ पुरली असती. आता क्वेरीसेट देणाऱ्या ‘गेट_क्वेरीसेट’ मेथडमध्येच लॉगिन केलेल्या सभासदाच्याच नोंदी ठेवतो, परक्या क्रमांकाला सरळ 404 जातो. यादीवर तर हा नोंदीनिहाय तपास होतच नाही, त्यामुळे तिथेही हीच चाळणी लागते.

स्वतःचा शाखा-मिक्सिनही केलाय. ‘गेट_क्वेरीसेट’मध्ये सुपरकडून (वारशातल्या पुढच्या क्लासकडून) आलेल्या क्वेरीसेटला शाखेची चाळणी, एवढंच. सात व्ह्यूंना तो पुरतो. वारसा लिहिताना तो मूळ व्ह्यूच्या डावीकडेच हवा. उजवीकडे ठेवला तर पायथनला आधी मूळ व्ह्यूची मेथड सापडते आणि आपली चाळणी वगळली जाते.

मॉडेलव्ह्यूसेट (यादीपासून पुसण्यापर्यंत सगळी कामं एकत्र देणारा क्लास) मी जपून वापरतो, कारण त्यात डिलीटही उघडं होतं. दंडाची नोंद कोणी पुसावी हे मला चालणार नाही, म्हणून तिथे जेनेरिकव्ह्यूसेटला (यात अशी कामं आधीपासून नसतात) लिस्ट आणि रिट्रीव्ह (एक नोंद दाखवणं) एवढे दोनच मिक्सिन लावलेत.

पुस्तक परत घेण्याचं काम मात्र साध्या एपीआयव्ह्यूवरच आहे. तिथे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) तीन टेबलं बदलतात. ते मिक्सिनमध्ये कोंबायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा कोड वाचायला अवघड झाला, आणि दोन्ही वेळा मागे घेतला.