मदरबोर्ड बदलण्याआधी एफडब्ल्यूअपडी चालवून बघा

माझं काम डीटीपीचं. गिरगावात घरूनच दिवाळी अंकांची पानं लावते, उबंटू लिनक्सवर, स्क्रायबसमध्ये. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, पण ऑफिसवाल्या मालिकेतला, दणकट. ऐन हंगामात त्याने छळ मांडला. स्लीपमधून उठवला की टाइप-सी डॉकला लावलेला मोठा मॉनिटर काळा तो काळाच. आणि साधी पीडीएफ उघडली तरी पंखा विरार फास्टसारखा सुटायचा.

एका दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "मॅडम, मदरबोर्ड गेला." सांगितलेल्या पैशांत दुसरा लॅपटॉप आला असता. भाचा म्हणाला, कर्नल, म्हणजे उबंटूचा गाभा, नवा टाक. टाकला, फरक शून्य. पडणार कसा? पंखा आणि चार्जिंग सांभाळतो तो एम्बेडेड कंट्रोलर, डॉकमध्ये वेगळी चिप, आणि यांचं फर्मवेअर, म्हणजे चिपला चालवणारा आतला प्रोग्राम, त्यांच्या त्यांच्या फ्लॅश मेमरीत. वायफायसारख्या चिपांचं फर्मवेअर रोजच्या अपडेटमधून येतं, बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ फर्मवेअरचं, तसं येत नाही.

तिथे कामी येतं ते एफडब्ल्यूअपडी (fwupd), लिनक्सवरूनच फर्मवेअर अपडेट करणारं सॉफ्टवेअर. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी हा प्रकल्प 2015 च्या सुमारास उभा केला. जोडीला एलव्हीएफएस (LVFS) नावाचं ऑनलाइन कोठार, जिथे लॅपटॉप कंपन्या स्वतःच फर्मवेअरच्या फाइली चढवतात. डेल, लेनोवो, एचपी तिथे आहेत. पूर्वी बायोससाठी कुणाचं तरी विंडोज नाहीतर बूट होणारा पेनड्राइव्ह शोधत फिरावं लागे. आता टर्मिनलमध्ये रिफ्रेश, गेट-अपडेट्स, अपडेट, एवढंच. टर्मिनलची धास्ती असेल तर नोम फर्मवेअर नावाचं खिडकीवालं अॅपही आहे. सगळं फुकट.

माझ्या यादीत दोन गोष्टी निघाल्या, सिस्टीम फर्मवेअर (म्हणजे बायोस) आणि डॉक. बॅटरी उतरलेली होती, तर चार्जर लावल्याशिवाय गडी पुढे सरकेना. हे मला आवडलं. रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह, खाली सावकाश सरकणारी पट्टी, पंखा फुल स्पीडवर, मग आपोआप पुन्हा रीस्टार्ट. या वेळात बटणाला हात लावायचा नाही, मॉनिटर कितीही मेल्यासारखा दिसला तरी. त्यानंतर डॉक शहाण्यासारखा वागतोय. पंखा अजून फिरतो, पण कारण असेल तेव्हाच.

आता तक्रारी. यादीतली नावं सामान्य माणसाला कळावीत अशी नाहीत. "यूईएफआय डीबीएक्स" बघून कोण घाबरणार नाही? ती सिक्युअर बूटने, म्हणजे सुरू होताना फाइली तपासणाऱ्या पहारेकऱ्याने, बाद ठरवलेल्या बूट-फाइलींची यादी असते, इतकंच. बदलांची टिपणं काही कंपन्या नीट लिहितात, काही "स्थैर्य सुधारलं" म्हणून हात झटकतात. डिस्क एनक्रिप्ट करून टीपीएमवर (किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपवर) आपोआप उघडायला लावली असेल, तर बायोस बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

आणि खरंच पार्ट गेला असेल, तर हे काही करू शकत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपांना आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपना इथे बहुधा काहीच मिळत नाही. म्हणून सेकंडहँड घेताना दुकानातच मॉडेल नंबर बघून एलव्हीएफएसच्या यादीत शोधा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.