बॅटरीला माफ केलं, झाकणाला नाही

माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी माझं बोलणं अजून संपलेलं नाही. सेन्सर, फोकस, रंग यांवर आजवर भरपूर लिहून झालंय. मी फक्त बॅटरीवर बोलणार.

कॅमेरा ऑगस्टमध्ये घेतला. गणपती, ताम्हिणीतला पाऊस, भिगवणचे फ्लेमिंगो, सगळीकडे एका बॅटरीत दिवस निघाला. फेब्रुवारीत हिमबिबट्यासाठी हिमाचलमधल्या स्पितीत, किब्बर गावी गेलो. उंची ४,२०० मीटरच्या आसपास, पहाटे उणे १८. दोन दिवस नुसते भरल (तिकडच्या जंगली मेंढ्या) बघितले. तिसऱ्या दिवशी समोरच्या कड्यावर तो उठला, आळस दिला, आणि माझा कॅमेरा बंद! मिनिटभरापूर्वी स्क्रीनवर ६४ टक्के बघितले होते.

दुसरी बॅटरी खिशात होती. पण या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण तळाशी, आणि ट्रायपॉडची प्लेट बसते नेमकी त्याच्यावर. प्लेटचा स्क्रू नाण्याने फिरवायचा. नाणं आतल्या पँटच्या खिशात, तिच्यावर आणखी एक पँट. हातमोजे काढले, नाणं शोधलं, ते एकदा बर्फात पाडलं. प्लेट काढून, बॅटरी बदलून डोळा लावेपर्यंत दगडामागे शेपूट तेवढी उरली होती. शेपटीचा फोटो शार्प आलाय.

त्या रात्री होमस्टेमध्ये तंदूरजवळ बसून (तिकडे खोली तापवायच्या लोखंडी चुलीला तंदूर म्हणतात) कंपनीला शेलक्या भाषेत मेल लिहीत होतो. सहज म्हणून ती 'मेलेली' बॅटरी परत घातली. ५८ टक्के! आता मेलमध्ये काय लिहायचं?

झालं होतं ते असं. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतलं द्रावण दाटतं, आयन रेंगाळतात, अंतर्गत रोध वाढतो. चार्ज आतच असतो, पण कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, आणि ठरावीक मर्यादेखाली गेलं की कॅमेरा स्वतःहून बंद होतो. मी तर बर्स्टवर, म्हणजे धडाधड एकामागून एक फोटो काढत, बोट दाबून बसलो होतो. बॅटरी ऊब मिळाली की उठते. तिथला आमचा स्पॉटर (प्राणी शोधून दाखवणारा) सुट्या बॅटऱ्या स्वेटरच्या आत ठेवत होता, ते पहिल्याच दिवशी बघितलं होतं. विचारलं मात्र नाही.

पुण्यात परतल्यावर तरीही सर्व्हिस सेंटरला गेलो, कारण पैसे मोजलेत. काउंटरवरच्या मुलाने बॅटरी मशीनला लावली. "सर, बॅटरी ठणठणीत आहे. आणि तिची वॉरंटी सहाच महिने असते." मला सहा महिने आणि अकरा दिवस झाले होते. तो बरोबर होता याचा राग जास्त आला.

मग घरी प्रयोग. बॅटरी बंद पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये, सोललेल्या मटारांशेजारी. आईने विचारलं, "हे आता कुठल्या भाजीत घालायचं?" एरवी चारशेच्या पुढे जाणारी बॅटरी, कॅमेऱ्यात घातल्यावर एकशे सत्तर फोटोंना बसली, आणि तेही कॅमेरा स्वतः गरम असताना. खोक्यावरचा फोटोंचा आकडा सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांची जपानी संघटना) पद्धतीने मोजतात; ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. म्हणजे पंखा एकवर ठेवून बसायची हवा. आकडा खोटा नाही, पण किब्बरचाही नाही.

म्हणून मेलमधला बॅटरीवरचा परिच्छेद खोडला. झाकणावरचा मात्र वाढवून दोन पानांचा केला. थंडी ही निसर्गाची गोष्ट. पण बॅटरी आणि ट्रायपॉडचा स्क्रू असे खेटून ठेवायचं कोणीतरी टेबलावर बसून ठरवलंय, आणि त्या माणसाने आयुष्यात कधी हातमोजे घालून बॅटरी बदललेली नाही. उत्तर आलं: "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे." पाचव्यांदा.

दरम्यान काटकसरही अंगाशी आली. ओरिजिनल बॅटरी महाग म्हणून चार्जरसकट दोन लोकल बॅटऱ्या १,८०० रुपयांत घेतल्या होत्या. त्यातली एक मेमध्ये फुगली. झाकणातून बाहेर काढताना पक्कड लागली. याला थोडा मीही जबाबदार असेन. स्पितीत बाहेरून आलो की गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावायचो. शून्याखाली असलेली बॅटरी चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते, हे नंतर वाचलं. आधी अंगावर तासभर ठेवा, मग लावा. आणि बॅटऱ्यांच्या खिशात नाणं ठेवू नका, टोकं शॉर्ट होतात. मी ठेवत होतो.

एवढं करून कॅमेरा विकलेला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा स्पिती ठरतंय. मुकाट्याने एक ओरिजिनल बॅटरी घेतली, आणि बंडीला आतून खिसा शिवून घेतला. प्लेट गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेली. त्याने कॅमेरा उलटा धरून बघितला, म्हणाला, "हे असं कशाला केलंय?" प्लेटचा कोपरा घासून दिला, आता झाकण पूर्ण उघडतं. चाळीस रुपये घेतले.